कामगारांच्या राज्यातील संप

२६ मे १९८९ रोजी उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. त्यानंतर नवव्या दिवशी, ४ जून रोजी, बाल्टिक समुद्राच्या काठी असलेल्या पोलंडमध्ये मतदान झाले आणि तेथील सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचा असा पराभव झाला की त्यातून पूर्व युरोपातील ती सारी राजवटच पुन्हा सावरली नाही. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे उघड आहे. परंतु रायगडच्या किनाऱ्यावर राहून या प्रश्नाचा विचार करणाऱ्याला त्या शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा मोह होतो. पोलंडमधील पराभवाची सुरुवात एका गोदीच्या फाटकापाशी झाली होती, आणि आपल्याकडील बंदर ज्या जमिनींच्या शेजारी उभे राहिले त्या जमिनींसाठी पाचच वर्षांपूर्वी पाच शेतकऱ्यांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या होत्या. १६ व १७ जानेवारी १९८४ हे ते दिवस. जासईला दरवर्षी त्या हुतात्म्यांना अभिवादन होते.

कम्युनिस्ट राजवटी कोणी संपविल्या, या प्रश्नाला आज तीन ठराविक उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो वॉशिंग्टनने, कोणी म्हणतो पोपने, आणि जुने कम्युनिस्ट मित्र कपाळाला आठ्या घालून म्हणतात, गोर्बाचेव्हने. तिन्ही उत्तरांत थोडेथोडे तथ्य आहे. परंतु तिन्ही उत्तरांतून एक माणूस नेमका गळतो. तो म्हणजे ज्याच्या नावाने ही राज्ये चालविली जात होती तो कामगार. समाजवाद्यांनी तरी ही चूक करू नये. आपल्या विरोधकाच्या पराभवाचे श्रेय भांडवलशाहीच्या पदरात टाकण्याची घाई आपल्यातील अनेकांनी १९८९ नंतर केली, आणि त्याची किंमत आपण अद्याप मोजीत आहोत, असे माझे मत आहे.

संप म्हणजे काय, हे रायगड जिल्ह्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे खाऱ्या पट्ट्यातील गावोगावचे शेतकरी जमले आणि खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असा निर्णय त्यांनी घेतला. हा संप सहा वर्षे चालला. सहा वर्षे! गिरणीतला संपकरी गावी जाऊन शेतीवर पोट भरू शकतो. शेतकऱ्यानेच शेत टाकले तर त्याने कोठे जावे? मोलमजुरी करून, मिळेल ते खाऊन ही माणसे तगली. खारभूमीत शेती न करणे याचा अर्थ केवळ पीक न घेणे असा नसतो. बांधाची निगा थांबली की भरतीचे पाणी आपली वाट शोधते, बांधाला खांड जाते, आणि एकदा खारे पाणी शेतात शिरले की ती जमीन पुन्हा भाताला येण्यास वर्षे लागतात. म्हणजे ज्या जमिनीवर आपला हक्क सांगायचा, तीच डोळ्यांदेखत खारी होताना पाहायची, असा हा संप होता. नारायण नागू पाटील यांनी त्याचे नेतृत्व केले, डॉ. आंबेडकरांनी त्याला बळ दिले, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती प्रत्यक्षात कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर.

पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, प्रांतिक काँग्रेस सरकारने औद्योगिक कलहांसंबंधीचे विधेयक आणले. संपावर नियंत्रण आणणारे हे विधेयक होते, आणि ते परक्या सरकारने नव्हे तर लोकांनी निवडून दिलेल्या स्वकीयांच्या सरकारने आणले होते. बाबासाहेबांनी विधिमंडळात त्याच्यावर जो हल्ला केला त्याचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. काम सोडणे हा फार तर कराराचा भंग होईल, तो गुन्हा होऊ शकत नाही. कारण माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबविणे म्हणजे गुलामी, आणि म्हणून संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि मुंबईतील कम्युनिस्ट यांनी खांद्याला खांदा लावून या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. ७ नोव्हेंबर हा रशियन क्रांतीचाही दिवस. मुंबईत त्या दिवशी जे कम्युनिस्ट संपाच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरले, त्यांच्या स्वप्नातील देशात त्याच वेळी संप करणारा माणूस सैबेरियाच्या वाटेला लागत होता. मुंबईतल्या त्या कार्यकर्त्यांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. त्यांना हे ठाऊक नव्हते, किंवा सांगितले तरी खरे वाटले नसते.

रशियातील युक्तिवाद दिसायला बिनतोड होता. कारखाने कामगारांच्या मालकीचे, राज्य कामगारांचे. मग संप कोणाविरुद्ध? स्वतःविरुद्ध कोणी संप करतो काय? कामगार संघटनेचे काम लेनिनने यंत्राच्या पट्ट्याच्या उपमेने सांगितले होते. मुख्य चाकाची गती पट्टा जशी यंत्रापर्यंत पोहोचवितो तशी संघटनेने पक्षाची इच्छा कामगारांपर्यंत पोहोचवावयाची. पट्टा उलट दिशेने फिरत नाही, ही त्या उपमेतील गोम आहे. १९२१ च्या फेब्रुवारीत पेट्रोग्राडच्या कारखान्यांतून संप झाले, पाठोपाठ क्रोन्स्टाटच्या नाविकांनी उठाव केला, आणि तो बंदुकीने मोडला गेला. त्याच वर्षी पक्षातील कामगार विरोधी गटाचे तोंड पक्षशिस्तीच्या ठरावाने बंद करण्यात आले. त्या गटाचा नेता श्ल्याप्निकोव्ह हा स्वतः धातुकामगार होता.

यानंतर दुसरे महायुद्ध होऊन ही व्यवस्था पूर्व युरोपात गेली, आणि तेथे तिला पहिला धक्का बसला तो कोठे? पूर्व बर्लिनमध्ये, १६ जून १९५३ रोजी, स्टालिनच्या नावाच्या रस्त्यावर इमारती बांधणाऱ्या गवंड्यांकडून. त्याच मजुरीत दहा टक्के अधिक काम करण्याचा हुकूम त्यांना आला होता. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत रणगाडे रस्त्यावर होते. २८ जून १९५६ रोजी पोलंडमधील पोझनान शहरात स्टालिनचेच नाव दिलेल्या कारखान्यातील कामगार भाकरी मागत बाहेर पडले आणि त्यांच्यावर सैन्य सोडण्यात आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हंगेरीत जे घडले ते तर समाजवाद्याने कधी विसरू नये. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्ट घेतले, सरकार पडले, पुढारी परक्या वकिलातीत आश्रयाला गेले. आणि त्यानंतर दहा दिवसांनी बुडापेस्टच्या कारखान्यांनी आपले प्रतिनिधी निवडून शहराचे मध्यवर्ती कामगार मंडळ स्थापन केले. अवजारे घडविणारा तेवीस वर्षांचा शांडोर राट्झ त्याचा अध्यक्ष झाला. मंडळाने कारखाने परत मालकांना द्या असे कधीही म्हटले नाही. कारखाने कामगारांचे आहेत ना, मग ते कामगारांच्या हाती द्या, एवढेच ते म्हणत होते. महिनाभरात मंडळ बेकायदा ठरले, राट्झ तुरुंगात गेला.

जयप्रकाशांनी त्या वेळी नेहरू सरकारच्या गुळमुळीत भूमिकेवर उघड टीका केली, ही आपल्या चळवळीच्या खात्यावरील जमेची बाजू. पण मराठी समाजवाद्यांची अवस्था त्या नोव्हेंबरात मोठी अवघड होती. १ नोव्हेंबरला द्विभाषिक राज्य लादले गेले होते, संयुक्त महाराष्ट्र समिती रणात उतरलेली होती, आणि समितीच्या व्यासपीठावर एस. एम. जोशी व कॉम्रेड डांगे एकत्र बसत होते. शेतकरी कामगार पक्ष, ज्याने १९५० च्या दाभाडी प्रबंधात मार्क्सवाद-लेनिनवादाचा स्वीकार केला होता आणि ज्याचा लाल बावटा या जिल्ह्यात घरोघरी माहीत होता, तोही समितीत होता. मुंबई मिळवायची तर एकजूट हवी, आणि एकजूट राखायची तर बुडापेस्टविषयी किती बोलावे? समितीचा लढा न्याय्य होता, यात वाद नाही. पण एका न्याय्य लढ्यासाठी दुसऱ्या लढ्याविषयी आवाज खाली घ्यावा लागतो, हा अनुभव राजकारणात पडलेल्या प्रत्येकाने घेतला आहे, आणि तो प्रामाणिकपणे लिहून ठेवला पाहिजे.

२ जून १९६२ रोजी खुद्द रशियात, नोव्होचेर्कास्क येथील रेल्वे इंजिनांच्या कारखान्यातील कामगारांवर गोळीबार झाला. एकीकडे मजुरीचे दर कापले होते आणि दुसरीकडे मांस व लोणी महागले होते. निदान सव्वीस माणसे मेली, पुढे सात जणांना मृत्युदंड दिला गेला, आणि ही सारी हकीगत जवळजवळ तीन दशके जगापासून दडवून ठेवली गेली. येथे मला मुंबई-कोकणातील आठवण होते ती अशी की, आपल्याकडे गोळीबार झाला की निदान त्याची बातमी छापून येते, विधानसभेत गोंधळ होतो, चौकशीची मागणी होते. गोळी तीच असते. पण मेलेल्याचे नाव घेता येणे यात फार मोठा फरक आहे.

हा फरक काय करू शकतो हे पोलंडच्या किनाऱ्यावर दिसले. १९७० च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, अन्नधान्याच्या किमती वाढविल्या गेल्या. ग्दान्स्क, ग्दिनिया, श्चेचिन येथील गोदी कामगार रस्त्यावर आले आणि त्यांच्यावर सैन्याने गोळ्या झाडल्या. चाळीसहून अधिक माणसे ठार झाली. पक्षाचा प्रमुख गोमुल्का गेला, गिएरेक आला. परंतु भाववाढ तशीच राहिली. ती मागे घ्यायला लावली कोणी? वूज शहरातील कापडगिरण्यांमधील स्त्रियांनी, १९७१ च्या फेब्रुवारीत. वूज म्हणजे पोलंडचे गिरणगाव. तेथील कामकरी वर्गात बायकाच अधिक, पाळी संपवून रांगेत उभ्या राहणाऱ्याही त्याच. पंतप्रधान समजूत घालण्यास आले तेव्हा त्यांनी त्याला रिकाम्या हाताने परत पाठविले, आणि १ मार्चपासून जुने भाव परत आले. इतिहासाच्या पुस्तकांत या बायकांना एखादी ओळ मिळते. गोदीतल्या मिशीवाल्या पुढाऱ्याचे छायाचित्र मात्र सर्वत्र असते.

ग्दान्स्कच्या कामगारांनी १९७० मधील आपली माणसे विसरायची नाहीत असे ठरविले. दर डिसेंबरात दुसऱ्या क्रमांकाच्या फाटकापाशी फुले ठेवायची, पोलिसांनी ती उचलायची, कामगारांना पकडायचे, असे दहा वर्षे चालले. १९७६ मध्ये राडोम आणि उर्सुस येथील संपकऱ्यांवर खटले झाले तेव्हा बुद्धिजीवींनी त्यांच्या बचावासाठी समिती काढली. वकील, प्राध्यापक, विद्यार्थी कामगारांच्या घरी मदत घेऊन जाऊ लागले. भाषणे करण्यासाठी नव्हे, घरखर्चाचे पैसे आणि वकिलाचा पत्ता घेऊन. हा तपशील मी मुद्दाम सांगतो. आपल्याकडील मध्यमवर्गीय समाजवादी आणि कामगार यांच्यातील नाते अनेकदा व्याख्यानमालेपुरते राहिले.

१९८० च्या ऑगस्टात ग्दान्स्कच्या लेनिन गोदीतील क्रेन चालविणारी आन्ना वालेन्तिनोविच हिला निवृत्तीला पाच महिने उरले असताना कामावरून काढण्यात आले. तिचा अपराध, स्वतंत्र कामगार संघटनेचे काम. १४ ऑगस्टला पहाटे संप सुरू झाला. तिला व बडतर्फ वीजतंत्री लेक वालेसा याला परत घ्या, १९७० मधील मृतांचे स्मारक करा, पगार वाढवा, अशा मागण्या होत्या. दोन दिवसांनी, शनिवारी १६ तारखेला, व्यवस्थापनाने त्या बहुतेक मान्य केल्या, आणि वालेसाने संप संपल्याचे जाहीर करून टाकले. संप यशस्वी झाला होता. माणसे घराकडे निघाली.

नेमके येथे इतिहास वळला. तोपर्यंत आसपासचे कितीतरी लहान कारखाने, बसगाड्या, ट्राम गोदीच्या पाठिंब्यासाठी बंद पडल्या होत्या. गोदी कामावर गेली तर सरकार उरलेल्यांना एकेक करून चिरडणार, हे उघड होते. हेन्रिका क्षिवोनोस नावाची ट्राम चालविणारी बाई तेथे आलेली होती. तिने आपली ट्राम आदल्या दिवशी रस्त्यात थांबवून ठेवली होती. ती संतापली. आन्ना वालेन्तिनोविच आणि गोदीच्या दवाखान्यातील परिचारिका आलिना पिएन्कोव्स्का या फाटकांकडे धावल्या, घरी निघालेल्या माणसांना त्यांनी अडविले, समजावले, फाटके बंद करून घेतली. बरेच लोक तोपर्यंत निघून गेले होते. त्या रात्री हजार-एक माणसे गोदीत उरली असतील नसतील. पण त्या उरलेल्यांनी त्याच रात्री सर्व कारखान्यांची संयुक्त समिती स्थापन केली आणि एकवीस मागण्या लिहिल्या. पहिली मागणी पगाराची नव्हती. पक्ष आणि मालक या दोघांपासून स्वतंत्र अशा कामगार संघटना, ही ती मागणी. दुसरी, संपाच्या हक्काची. त्या मागण्या प्लायवूडच्या दोन फळ्यांवर लिहून फाटकाला टांगल्या गेल्या. वाटाघाटींना उपपंतप्रधान आला तेव्हा ध्वनिक्षेपकावरून शब्दन् शब्द गोदीभर ऐकविण्यात आला. बंद खोलीत समझोता करून बाहेर येऊन विजयाच्या घोषणा देण्याची पद्धत ज्यांनी आपल्याकडे पाहिली आहे, त्यांनी यावर थोडा विचार करावा. ३१ ऑगस्टला करार झाला. वर्षभरात साडेतीन कोटींच्या देशात सॉलिडॅरिटीचे सभासद जवळजवळ एक कोटी झाले. पक्षाचे सभासदही त्यांत होते.

१३ डिसेंबर १९८१ रोजी जनरल यारुझेल्स्कीने लष्करी कायदा पुकारला. हजारो कार्यकर्ते स्थानबद्ध झाले, वुयेक येथील कोळशाच्या खाणीत नऊ खाणकामगार गोळीबारात मारले गेले. त्यानंतर पाच आठवड्यांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. या संपाचा विचार वेतनवाढीचा संप म्हणूनच बहुधा होतो. परंतु कामगारांच्या रागाचा एक विषय १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा हा होता. या कायद्याने एका उद्योगात एकच संघटना प्रातिनिधिक ठरत असे, आणि कापड उद्योगात ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही काँग्रेसप्रणीत संघटना होती. कामगार तिच्यामागे असोत वा नसोत, करार तीच करणार. म्हणजे सरकारमान्य संघटनेच्या जोखडातून सुटण्याची मागणी ग्दान्स्कमध्ये आणि परळमध्ये एकाच काळात होत होती. एका ठिकाणी राज्य कामगारांचे म्हणवीत होते, दुसऱ्या ठिकाणी लोकांचे.

रायगड व रत्नागिरीच्या गावांनी तो संप पोसला. श्रीवर्धन, म्हसळे, मुरूडकडची माणसे बिऱ्हाडे आवरून गावी आली, कोणी भाताच्या लावणीला लागले, कोणी मासेमारीच्या होडीवर. रेवसला भाऊच्या धक्क्याहून येणाऱ्या लाँचमधून उतरणाऱ्यांत पुन्हा मुंबईला न गेलेले कितीतरी असतील. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरून गेला, आणि गिरण्याही विरल्या.

मग पोलंडमध्ये वेगळे का घडले? तेथील कामगार अधिक शूर होते, असे म्हणणे हा आपल्या माणसांवर अन्याय होईल. माझ्या मते कारण त्या राजवटीच्या रचनेतच होते. मुंबईत मालक, मान्यताप्राप्त संघटना, कामगार आयुक्त, न्यायालय, मंत्री असे निरनिराळे दरवाजे होते. राग प्रत्येक दारावर थोडा थोडा खर्ची पडत असे. पोलंडमध्ये मालक, पोलीस, न्यायाधीश, वर्तमानपत्र आणि मटणाचे दुकान हे सारे एकच. त्यामुळे मटणाच्या भावाचा संप हा पहिल्याच दिवशी राज्याविरुद्धचा संप होई. शिवाय भांडवलदार आपण कामगारांच्या वतीने राज्य करतो असे म्हणत नाही, त्यामुळे कामगार रस्त्यावर आला म्हणून त्याचा नैतिक आधार जात नाही. कम्युनिस्ट राजवटीचा तेवढाच एक आधार होता. कारखान्यात संप झाला की तो बांध आतून पोखरला जात असे, आणि आतून पोखरलेल्या बांधाला खांड जायला मोठी भरती लागत नाही, हे खाऱ्या पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको.

१९८८ च्या उन्हाळ्यात पुन्हा संप झाले, या वेळी तरुण कामगारांचे. सरकारला वालेसाशी बोलणी करावी लागली. १९८९ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गोलमेज परिषद झाली. ४ जूनच्या मतदानात कनिष्ठ सभागृहाच्या ज्या पस्तीस टक्के जागा विरोधकांना लढवायला मोकळ्या होत्या त्या सर्व अखेर सॉलिडॅरिटीने जिंकल्या, आणि वरिष्ठ सभागृहाच्या शंभरपैकी नव्याण्णव. त्यानंतरच्या जुलैत सैबेरियातील मेझ्दुरेचेन्स्कच्या खाणकामगारांनी काम थांबविले. त्यांच्या मागण्यांत अंगावरची काजळी धुण्यासाठी साबण ही एक होती. संप कुझबास, डोनबास, व्होर्कुटापर्यंत पसरला. बहात्तर वर्षांच्या कामगार राज्याला खाणकामगाराच्या हाती साबणाची वडी देता आली नव्हती. १९९१ मध्ये हेच खाणकामगार पुन्हा संपावर गेले ते गोर्बाचेव्हचा राजीनामा मागत.

गोर्बाचेव्हने रणगाडे पाठविले नाहीत, हे खरे, आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. रणगाडे आले तर काय होते हे त्याच ४ जूनला बीजिंगने दाखविले. तिआनआनमेन चौकात विद्यार्थी होते हे सर्वांना आठवते, पण तेथे हान दोंगफांग या रेल्वे कामगाराच्या पुढाकाराने एक स्वायत्त कामगार संघटनाही निघाली होती, आणि नंतरच्या दडपणुकीत कामगारांच्या वाट्याला विद्यार्थ्यांहून कठोर शिक्षा आल्या. राज्यकर्त्यांना नेमके कशाचे भय वाटत होते, हे त्यांच्या शिक्षांवरून कळते. आजच्या चीनमध्ये कारखाने खासगी मालकांचेही आहेत, अब्जाधीशही आहेत, पण स्वतंत्र कामगार संघटना मात्र नाही.

आपल्या देशात कम्युनिस्टांचे सर्वांत दीर्घ राज्य पश्चिम बंगालमध्ये होते. ते निवडणुकीने आले, निवडणुकीने गेले, आणि जाताना त्यांनी सत्ता मुकाट्याने सोडली. त्याची पोलंडशी तुलना करणे गैर होईल. तथापि एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १४ मार्च २००७ रोजी नंदीग्राममध्ये जमीन द्यायला नकार देणाऱ्या शेतकऱ्यांवर डाव्या आघाडीच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या, चौदा माणसे मेली. त्याच काळात पेण, उरण, पनवेल तालुक्यांतील गावांवर महामुंबई सेझचे संकट आले होते. कायदा दोन्हीकडे तोच, १८९४ चा. परंतु इकडे त्या कायद्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांच्या हाती लाल बावटा होता, प्रा. एन. डी. पाटील म्हातारपणी गावोगाव फिरत होते, उल्का महाजनांसारख्या कार्यकर्त्या लढ्यात होत्या. आणि तिकडे गोळी झाडण्याचा हुकूम देणाऱ्यांच्या कचेरीवर तोच बावटा. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला शेतकऱ्यांचे मत मागावे लागले. पुढे संपादनाची मुदत टळली आणि प्रकल्प बारगळला. बंगालमध्ये २०११ मध्ये चौतीस वर्षांचे राज्य गेले. बावट्याच्या रंगावरून त्याखाली उभा असलेला माणूस कोणाच्या बाजूचा आहे हे ओळखता येत नाही, एवढे तरी आपल्या डाव्या मित्रांनी पेणच्या शेतकऱ्याकडून शिकून घ्यावे.

पण समाजवाद्यांनीही मिशीवर ताव मारण्याचे कारण नाही. १ जानेवारी १९९० पासून पोलंडमध्ये सॉलिडॅरिटीच्याच सरकारने भाव मोकळे सोडले आणि कारखान्यांचा आधार काढून घेतला. बेकारी आली. वूजच्या गिरण्या, ज्यांच्या बायकांनी एका सरकारला भाव उतरवायला लावले होते, एकामागून एक बंद पडल्या. १९९३ मध्ये मतदारांनी जुन्या कम्युनिस्टांच्या वारसांना पुन्हा निवडून दिले, १९९५ मध्ये वालेसा अध्यक्षपदाची निवडणूक हरला, आणि १९९६ मध्ये ग्दान्स्कच्या त्या गोदीचेच दिवाळे निघाले. १९५६ च्या बुडापेस्टने मागितलेली आणि १९८१ मध्ये सॉलिडॅरिटीच्याही कार्यक्रमात असलेली कामगारांच्या स्वयंव्यवस्थापनाची कल्पना कोणी चर्चेलाही घेतली नाही. संपाने मिळविलेले राज्य संपकऱ्यांच्या हाती फार दिवस राहिले नाही. याचे उत्तर आपल्यापाशी तेव्हा नव्हते, आणि आजही आहे असा दावा मी करणार नाही. पण ते उत्तर शोधायचे सोडून आपण बाजाराच्या विजयाच्या मिरवणुकीत मागून चालत गेलो, हे आपले पाप आहे.

त्या मिरवणुकीचा मुक्काम आज कोठे आहे? न्हावा-शेवा बंदरात १९९९ पासून खासगी टर्मिनल आले, पुढे आणखी आली, आणि २०२२ मध्ये बंदराचे स्वतःचे कंटेनर टर्मिनलही खासगी चालकाकडे गेले. जमीन गेलेल्या गावांतील मुले भोवतालच्या गोदामांतून कंत्राटदारामार्फत काम करतात. देशाच्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने, पूर्वी सार्वजनिक सेवांपुरती असलेली संपाच्या आगाऊ सूचनेची अट सर्वच आस्थापनांना लावली. चौदा दिवस आधी नोटीस दिल्यावाचून संप केला तर तो बेकायदा. ग्दान्स्कचा सबंध संप १४ ऑगस्टला सुरू होऊन ३१ ला संपला होता. ही संहिता तेथे असती तर आन्ना वालेन्तिनोविचच्या सहकाऱ्यांनी १४ तारखेला नोटीस दिली असती, २८ तारखेपर्यंत वाट पाहिली असती, आणि मधल्या काळात सरकारने त्यांतल्या प्रत्येकाला घरून उचलले असते. १९३८ मध्ये बाबासाहेबांनी ज्या मुद्द्यावर स्वकीयांच्या सरकारला अडविले तोच मुद्दा आज पुन्हा दारात उभा आहे, आणि या वेळी ७ नोव्हेंबरसारखा संप पुकारण्यास कोण कोणाबरोबर बसणार, हे मला दिसत नाही.

१६ जानेवारीला जासईला या प्रश्नावरही कोणी बोलावे, अशी माझी सूचना आहे. अभिवादनाला दरवर्षी सर्व पक्षांचे पुढारी येतात. गोदामांच्या फाटकांवर, तीन पाळ्यांत, कंत्राटदाराच्या बिल्ल्यावर उभी असलेली त्याच गावांतील पोरे येऊ शकतील अशा वेळी सभा ठेवावी.